साचेखात्यातल्या खुणा

कट्ट. दुपारच्या शांततेत बाबांचा अडकित्ता वाजला आणि माझी लेक निधी चित्रांचं पुस्तक टाकून त्यांच्याकडे पळाली. कातरलेली सुपारी डबीत भरायचं काम तिचं.

बाबा म्हणजे माझे सासरे. पूर्वी सुपारी कातरताना त्यांचं तोंड थांबत नसे. "गो चेडवा, हय ये, तुका एक गजाल सांगतंय." निधीही तसंच बोलायची. घाटकोपरच्या आमच्या चाळीत सगळेच देवगडकडचे. पोरीला दुसरी भाषा लागलीच कुठे?

शाळेत लागली. निधीने वर्गात मालवणीत पाणी मागितलं, मुलं हसली. तेव्हापासून ती गप्प. टीचरनी मला बोलावून सांगितलं, "घरी फक्त इंग्लिश बोला, मम्मी."

मी बाबांना म्हटलं, "एक वर्षभर तिच्याशी मालवणी नको."

"मगे काय बोलू? माका इंग्लिश खय येता?"

शेजारच्या नंदाकाकू दारातूनच म्हणाल्या, "भावोजी, आता गुड मॉर्निंग म्हणून सुपारी कातरा!" मीसुद्धा हसले. बाबा नाही हसले.

त्यांनी माझा शब्द पाळला. इतका, की तिच्याशी बोलणंच सोडलं. गिरणीत असताना साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू यायचं नाही, कामगार हातांनी बोलायचे. त्या खुणा त्यांनी निधीसाठी बाहेर काढल्या. ओठाला अंगठा, म्हणजे पाणी. कपाळाला दोन बोटं, म्हणजे मुकादम आला. घरातली मुकादम मी! निधीही घरात खुणांनीच बोलायला लागली. मला गंमत वाटली. पोरगी रमतेय ना, म्हटलं, बस झालं.

काल टीचरनी पुन्हा बोलावलं. "ही बोलतच नाही हो. तहान लागली की नुसता अंगठा दाखवते. एकदा कान तपासून घ्या."

आज मी अडकित्ता बाजूला ठेवला आणि बाबांपुढे बसले. "बाबा, चुकलं माझं. बोला तिच्याशी. येतं तसं बोला."

बाबांनी निधीला जवळ घेतलं. मग घसा खाकरून म्हणाले, "चेडवा..."

निधी दचकली. तिने उघड्या दाराकडे पाहिलं, कुणी ऐकतंय का, आणि झटकन दोन्ही हात आजोबांच्या तोंडावर दाबले. तसंच दाबून धरून माझ्याकडे वळली. किती दिवसांनी तिचा आवाज ऐकत होते मी, तोही अगदी कुजबुजता.

"आये, आजोबांका पण सगळे हसतले?"