दिवाळी पहाटेची पंधरा मिनिटं

मी केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर आणि लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या मराठी मंडळाचा सचिव. त्यामुळे माझ्याच मुलीने दिवाळी पहाटेसाठी अर्ज दिला, तेव्हा तो मी नियमानुसार वाचला. रेवतीला पंधरा मिनिटं हवी होती. तबला नाही, पेटी नाही, गळासुद्धा नाही. एक लॅपटॉप आणि बटणांचा डबा. मी शेरा मारला, "यंत्राच्या आवाजाने श्रोत्यांचे मन हेलावत नाही. नामंजूर."

रेवती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जानेवारीत ती नोकरीसाठी बेंगळुरूला जाणार होती, म्हणजे ही तिची दिल्लीतली शेवटची दिवाळी. हे मला ठाऊक होतं. पण एकदा मारलेला शेरा आपणहून खोडणं आमच्या खात्यात कुणाला जमलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिने अपील केलं. मंडळात सगळेच सरकारी नोकर, त्यामुळे लगेच समिती बसली. अध्यक्ष विजयालक्ष्मीताई, सदस्य कुमुदताई आणि मी. निकषही ठरला : निदान एका सदस्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.

रविवारी सकाळी समिती आमच्या हॉलमध्ये जमली. रेवतीने बटण दाबायच्या आधीच तिघांचे डोळे वाहत होते. दिवाळीच्या तोंडावरची दिल्लीची हवा, दुसरं काय.

"हे अश्रू धरता येणार नाहीत," विजयालक्ष्मीताई म्हणाल्या. "खिडक्या बंद करा, प्युरिफायर लावा. हवा बिल्कुल साफ झाली की मगच सुरू."

शेजाऱ्यांचा मोठा प्युरिफायर आणला. कुमुदताई हवा मोजायचं यंत्र हातात धरून बसल्या. पाऊण तास आम्ही चकल्या खात आकडा उतरायची वाट पाहिली. चाळीसवर आल्यावर सर्वांचे डोळे कोरडे असल्याची नोंद मी स्वतः केली.

आधी नुसती टिकटिक झाली. मला हायसं वाटलं. मग खालून एक सूर आला. माणूस असता तर श्वासासाठी थांबला असता; हा थांबेचना. त्याच्यात दुसरा सूर मिसळला, दोघं बराच वेळ सोबत राहिले आणि पहिला हळूहळू निघून गेला. दुसरा एकटाच उरला. मला एकदम रेवतीची रिकामी खोली दिसली. जानेवारीनंतर या घरात माझ्याशी भांडणार कोण?

डोळे भरून आले आणि मी घाबरलो. शेरा माझाच होता. मी हात हळूच मागे नेऊन प्युरिफायर बंद केला. हवा बिघडली की अश्रूंचा दोष हवेवर ढकलता येईल, असा माझा हिशोब. पण त्याची घरघर थांबली तसा तो सूर अख्ख्या हॉलमध्ये भरून राहिला, आणि मी समितीसमोर चक्क हुंदका दिला.

"हवा खराब झाली वाटतं," मी पुटपुटलो.

कुमुदताईंनी यंत्र पाहिलं. "छत्तीस आहे हो, विलासराव."

विजयालक्ष्मीताईंनी पेन उघडलं. "कारण काय लिहू?"

"संगीत," मी म्हणालो. "आणि तो शेरा खोडा."

रेवती माझ्याकडे बघत होती. तिचेही डोळे भरले होते. "बाबा, अजून आठ मिनिटं बाकी आहेत. प्युरिफायर परत लावू का?"

"नको," मी म्हणालो. "त्याच्या आवाजात नीट ऐकू येत नाही."