अर्धा तंबू

एक्स-रेच्या खोलीत दिवसभर तिचं बोलणं मोजून तीन वाक्यांचं. "श्वास घ्या. रोखा. सोडा." काचेमागे उभं राहून इतकी वर्षं ती हेच म्हणत आली होती. त्या सकाळी मात्र एका आजोबांना "रोखा" म्हणून तिने बटण दाबलं, फोटो चांगला आलाय हे पाहिलं आणि पुढच्या पेशंटचा कागद हातात घेतला. आजोबा बिचारे गाल फुगवून, यंत्राला छाती लावून उभेच. शेवटी त्यांची बायको दार ढकलून आत आली.

"अहो बाई, सोडायला सांगा की त्यांना! माझं आयुष्यात ऐकलं नाही, आणि तुमचं बघा कसं ऐकतायत!"

ती "सोडा" म्हणाली. आजोबांनी सोडला आणि जवळच्या खुर्चीवर मटकन बसले. दुसऱ्या कुणाला हसू फुटलं असतं, नाहीतर घाम तरी. तिला दोन्हींतलं काहीच फुटलं नाही. तिने माफी मागितली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

नवरा गेल्यापासून तिचं हे असंच चाललं होतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला तो ऑफिसच्या जिन्यात दम लागला म्हणून बसला. तिथूनच तिला फोन केला, "जरा थकलोय, पण ठीक आहे मी," म्हणाला, आणि तो जो बसला तो उठलाच नाही. तिने सगळं रीतसर केलं. सह्या केल्या, आलेल्यागेलेल्यांना चहा दिला, त्याचे शर्ट धुऊन इस्त्री करून कपाटात ठेवले. डोळ्यांतून मात्र टिपूस नाही. आधी लोक म्हणाले, धीराची आहे हो. मग म्हणायचे थांबले आणि एकमेकांकडे बघायला लागले. लोकांचं काय, रडलं तरी मोजतात आणि नाही रडलं तरी मोजतात. धाकट्या नणंदेने तर तोंडावरच सांगितलं, "वहिनी, तू दगड आहेस गं, दगड!" यावर तिने थोडा विचार केला आणि तिला ते पटलं.

या सगळ्यात तिचं एक काम मात्र बंद पडलं नव्हतं. उन्हाळ्यात बर्फातली एक उंच खिंड ओलांडायची, हा तिचा आणि नवऱ्याचा जुना बेत होता. जेवायच्या टेबलावर काचेखाली त्या वाटेचा नकाशा होता. खिंडीवर नेमका आमटीचा डाग पडलेला, तो त्याचा. आता त्या टेबलाशी एकटी बसून ती मोजे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायची, दोन टोप्यांतली हलकी कुठली ते बघायची. ड्यूटी संपली की पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक पाठीवर टाकून हॉस्पिटलचा जिना चढायची आणि उतरायची. "ताई, लिफ्ट चालू आहे हो!" वॉर्डबॉय ओरडायचे. ती मान हलवून पुन्हा चढायला लागायची.

तिला उत्साह होता म्हणावं, तर तसंही नव्हतं. तिने मनाशी एक हिशेब मांडला होता, तो कुणाला सांगितला नव्हता. खाली काही होत नाहीये. पण त्या खिंडीत, जिथे दोघांनी उभं राहायचं ठरवलं होतं, तिथे गेल्यावर तरी रडू येईल. तिथेही नाही आलं, तर मग आपण खरंच दगड. म्हणून तिला जायलाच हवं होतं.

आडवे येत होते ते मास्तर. मास्तर म्हणजे त्या दोघांच्या डोंगर चढणाऱ्या गटाचे म्होरके. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, सुपारीएवढा जीव, पण डोंगरावर त्यांच्यापुढे कुणाची टाप नव्हती बोलायची. त्यांचे नियम दोन. एका तंबूत दोघं, आणि तो तंबू दोघांनी अर्धा अर्धा वाहायचा. एकाकडे काठ्या आणि खुंट्या, दुसऱ्याकडे कापड. म्हणजे कुणी रुसून पुढे निघून जात नाही. तिच्याकडे कायम काठ्या, नवऱ्याकडे कापड. तो नेहमी सगळ्यांच्या मागून, रमतगमत यायचा, पाठीवर घर घेऊन. म्हणून गटात त्याचं नाव पडलं होतं गोगलगाय.

दुसरा नियम संध्याकाळच्या हजेरीचा. तुम्ही कसे आहात ते मास्तर तुम्हाला विचारायचेच नाहीत. तुमच्या तंबूतल्या जोडीदाराला विचारायचे. "वर हवा विरळ," ते म्हणायचे. "पहिलं डोकं जातं. आणि ज्याचं जातं त्यालाच वाटतं की आपण झकास आहोत. तेव्हा स्वतःचं 'ठीक' हे इथे खोटं नाणं. चालणार नाही." जोडीदार "ठीक नाही" म्हणाला की त्या माणसाने मुकाट खाली उतरायचं. वाद नाही, रडारड नाही.

घरात हा नियम नव्हता. घरात तो फोनवर "ठीक आहे मी" म्हणाला आणि तिने "बरं" म्हणून फोन ठेवला होता.

"जोडीदार नाही तर खिंड नाही," मास्तरांनी तिला सांगितलं. आवाज मऊ होता, पण शब्द तेच होते. बाकी सगळ्यांच्या जोड्या ठरलेल्या.

त्याच आठवड्यात त्या धाकट्या नणंदेचा फोन आला. घरात तिला सगळे चिमणी म्हणत, कारण उजाडल्यापासून मावळेपर्यंत तोंडाला विसावा नाही.

"वहिनी, मी येते."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? डोंगरावर. दादाच्या जागेवर."

"चिमणे, तुला पहिल्या मजल्यावर येताना धाप लागते."

"लागू दे. धाप माझी, तुला काय त्रास? दादाची जागा मी उपऱ्या माणसाला देणार नाही. आणि तू तिथे जाऊन तरी काय करणारेस ते मला बघायचंय."

मग चिमणीही जिना चढायला लागली. दर मजल्यावर थांबून मागच्या मजल्याला शिव्या द्यायची. हळूहळू शिव्या कमी झाल्या. दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलायच्या. तू तुझं सामान आण, मी माझं आणते, असं ठरलं.

निघण्याआधी गावाबाहेरच्या टेकडीवर एका मुक्कामाचा सराव होता. त्यानंतर मास्तर नावं पक्की करणार होते. ती सगळ्यांच्या पुढे चढली. पाय चालत होते, श्वास लागत नव्हता, ऊन तापलंय की नाही हेही तिला सांगता आलं नसतं. दुपार उतरायच्या आत ती माथ्यावरच्या मोकळ्या जागेत पोचली. सॅक उघडली, काठ्या एकात एक बसवल्या, वाकवून कमानी केल्या, खुंट्या ठोकल्या. मग शेजारच्या धोंड्यावर बसून खालच्या वाटेकडे बघत राहिली.

एकेक जण येत गेला. तंबू उभे राहिले. कुणी स्टोव्ह पेटवला. चिमणी सर्वांत शेवटी, लंगडत आली आणि सॅक आपटून उभी राहिली.

"हुश्श! झालं एकदाचं. आता काय करायचं?"

"आता कापड घालायचं वर."

"मग घाल की. कुठंय?"

"त्याच्याकडे आहे. येईलच आता."

मीठ कुठे आहे विचारल्यावर फडताळात म्हणून सांगावं, तसं सांगितलं तिने. स्टोव्हपाशी बसलेल्यांनी माना वळवल्या. मास्तर पाणी पीत होते, त्यांनी पेला खाली घेतला. वाक्य तिच्या तोंडातून आधी निघालं, आणि मग बऱ्याच वेळाने तिच्या कानात शिरलं. ती वाटेकडे बघत होती. वाटेवर कुणी नव्हतं. म्हणजे इतका वेळ आपण इथे बसून त्याची वाट बघत होतो.

तिला वाटलं, आता चिमणी फाडफाड बोलणार. चिमणी तिच्या शेजारी धोंड्यावर टेकली.

"माझीही अक्कल गहाण पडली होती," ती म्हणाली. "तू तुझं आणलंस, मी माझं आणलं. दादाचं कुणी आणलंच नाही."

दोघी त्या नुसत्या कमानींकडे बघत बसल्या. त्यांतून पलीकडची टेकडी दिसत होती.

"हॉस्पिटलातही तेच आणि इथे येऊनही तेच," चिमणी म्हणाली. "तंबूचापण एक्स-रेच काढलास. बघ, हाडं सगळी जागच्या जागी."

ती स्वतःच्याच विनोदावर हसली, आणि हसता हसता तोंडावर ओढणी दाबून रडायला लागली. तिची पाठ गदगदत होती. वहिनीने हात उचलला, पण तो कुठे ठेवायचा ते न कळून पुन्हा मांडीवर ठेवला.

ऊन कलल्यावर मास्तर हजेरीला निघाले. या तंबूवरून त्या तंबूवर करत ते त्या सांगाड्यापाशी आले. बाकीच्यांनी उगाच भांडी घासायला घेतली. मास्तरांनी चिमणीकडे पाहिलं.

"हं. जोडीदार कशी आहे?"

आता चिमणीच्या एका शब्दावर सगळं होतं. ती नाही म्हणाली की खिंड गेली. वहिनीला वाटलं, चिमणीचा हात दाबावा, निदान डोळ्याने खूण करावी. तिने काहीच केलं नाही.

"ठीक नाहीये," चिमणी म्हणाली. "हिवाळ्यापासून ठीक नाहीये. आम्ही तिला दगड म्हणालो, मीच म्हणाले. चालते नीट, दम लागत नाही. पण ती ठीक नाहीये, मास्तर."

 नियमाप्रमाणे मास्तर वहिनीकडे वळले. "आणि तुझी जोडीदार?"

तिच्या ओठांवर सवयीचा शब्द आलाच होता. पण हे स्वतःबद्दल सांगायचं नव्हतं, म्हणून बघणं भाग होतं. तिने चिमणीकडे पाहिलं. नाक थेट त्याचं. डोळे सुजलेले. एक बूट जमिनीवर पूर्ण टेकवत नव्हती.

"हिची डावी टाच सोललीये," ती म्हणाली. "नवे बूट घालून आलीये, नको सांगितलं होतं तरी. पाणी पुरेसं प्यायलेली नाही." मग ती थांबली. इतक्या महिन्यांत सगळे तिलाच विचारत आले होते, कशी आहेस म्हणून. चिमणीला कुणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःही नाही.

"आणि हिचा भाऊ गेलाय," ती म्हणाली.

मास्तर खाकरले. "हे वर कळलं असतं तर उतरवलं असतं, खालीच कळलं ते बरं. आज माझ्या तंबूत झोपा दोघी, मी आणि माझा जोडीदार बाहेर उघड्यावर झोपतो," ते म्हणाले. "आणि चिमणे, खिंडीत कापड तुझ्याकडे. विसरलीस तर याद राख." ते पुढच्या तंबूकडे गेले.

वहिनी खाली वाकली आणि चिमणीच्या डाव्या बुटाची नाडी सोडायला लागली. गाठ साधीच होती, पण सुटेना, कारण तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिला काही नीट दिसत नव्हतं.