रांजणामागची पाटी

मी हैबतरावाच्या खानावळीची पाटी. गिऱ्हाइकांशी बोलण्यात जन्म गेला, आज थोडं स्वतःविषयी बोलते.

माझा जन्म पेणचा. दाराची जुनी फळी घासून, तिला निळ्या रंगाचा हात देऊन, गणपती रंगवणाऱ्या एका कारागिराने माझ्यावर पांढरी अक्षरं काढली. "काय लिहू?" त्याने विचारलं. हैबतराव म्हणाला, "मी बोलतो तसंच लिव." म्हणून मी अशी आहे: हात धुवा. पानात टाकू नका. घाई असेल तर पुढे जा.

रंग ओला होता. एसटीत हैबतरावाने मला मांडीवर उभं धरलं. शेजारच्याने विचारलं तेव्हा म्हणाला, "लेक हाय माझी."

कोलाडहून रोह्याकडे जाताना रस्त्याला लागून आमची खानावळ. बायजा चुलीवर भाकऱ्या भाजते, वालाची आमटी करते. तिचा नवरा हैबतराव वाढतो आणि बोलतो. "भात ढीगभर घेतलास, पोट कुणाचं आणलंस?" ट्रकवाले हसायचे. नवख्याला माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "पाटीनं आधीच सांगितलंय बाबा." मी फुगून जायचे.

मग नदीवर रबरी बोटींत बसायला शहरातली माणसं येऊ लागली, आणि मोबाइलही आला. तो नातीचा, मनालीचा. ती रोह्याला कॉलेजात जाते. तिने खानावळ मोबाइलवर टाकली. लोक त्यावर लिहू लागले.

एका संध्याकाळी तिने वाचलं, "जेवण छान. मालक रूड."

"रूड म्हंजे?"

"उद्धट, आजा. समोरच्याचा मान न ठेवणारा."

हैबतरावाने पळी पातेल्यात सोडली. मग त्याने मला खिळ्यावरून काढलं आणि रांजणामागे ठेवलं, भिंतीकडे तोंड करून. मी इतकी वर्षं बोलले, पण लोक मनात काय म्हणतात हे त्याने मला कधी विचारलं नाही. त्या हातभरही नसलेल्या काचेने एक शब्द काढला आणि माझं तोंड बंद झालं.

त्याचंही झालं. तो वाढायचा, पण "हाय", "नाय", "बस" याच्या पुढे जायचा नाही. थोड्या दिवसांनी मोबाइलवर नवा शब्द आला, कर्ट.

"आता हे काय काढलं?"

"कर्ट म्हंजे तुटक. तोंडावर दार लावल्यासारखं बोलणारा."

"म्हंजे बोललो तरी उद्धट, नाय बोललो तरी उद्धट?"

"दोन्ही येगळं हाय, आजा. रूड माणसानं अपमान केला असं वाटतं. कर्ट माणसाकडं आपण नकोसे हाव असं वाटतं."

चुलीपाशी बसलेली बायजा म्हणाली, "आन मला लग्नापास्नं बोलतात, ते कशात बसतं गो?"

"त्याला इंग्रजीत शब्द नाय, आजी."

दोघी हसल्या. तो हसला नाही. "मग मी हाय तरी कोण?"

मनालीने विचार केला. "तू ब्लंट हायस. मनात येतं ते तोंडावर, पण आत काळं नाय. आपण फटकळ म्हणतो ना, तसा."

"असं कुणी लिवलंय का?"

"अजून नाय."

तेव्हापासून तो त्या शब्दाची वाट बघू लागला. रोज दिवेलागणीला विचारायचा, "आज काय आलं गो?" खांद्यावरच्या पंच्याने मोबाइलची काच पुसून द्यायचा. माझ्या पाठीवर कोळ्याने घर केलं. मी जळत होते, खोटं कशाला सांगू?

परवा एक बाई नवऱ्याबरोबर आली. अर्धी भाकरी टाकून उठली. हैबतरावाला राहवलं नाही. "बाय, त्या भाकरीसाठी आमच्या म्हातारीनं हात भाजून घेतलाय. बस परत. आमटीत कुस्कर नि खा."

 बाई खाली मान घालून बसली, भाकरी संपवली आणि हात धुवायला रांजणापाशी आली. तिथे नवऱ्याला हळूच म्हणाली, "माझे आप्पा असेच रागवायचे. ते गेल्यापासून जेवताना मला कुणी बोललंच नव्हतं." तिने डोळ्यांना पाणी लावलं आणि दोघं निघून गेली.

संध्याकाळी त्याने विचारलं, "आज काय आलं गो?"

"आज काय नाय आलं."

"मनातल्या मनात रूडच म्हणाली असंल." त्याने पळी खाली ठेवली. "उद्यापास्नं तू वाढ. मी मागं बसतो."

तो आता मागेच बसतो, सरपणाशेजारी.

ती बाई काय बोलली ते मोबाइलला ठाऊक नाही. ते फक्त माझ्याकडे आहे. पण माझ्यावर जेवढं लिहिलंय तेवढंच मला बोलता येतं, आणि तेही भिंतीशी.

म्हणून तुम्हाला विनवते. या वाटेने गेलात तर आमच्याकडे थांबा. मागे बसलेल्या म्हाताऱ्याला हाक मारा, म्हणा, तुम्ही वाढा. तो रागावला तर रागावू द्या. आणि जेवण झाल्यावर त्या बाईने सांगितलं ते त्याला सांगा. मोबाइलवर लिहू नका. त्याच्या तोंडावर सांगा.