रानपिंगळ्याच्या झाडाजवळचं भरीत

मित्रांनो, छागळ पाहिलीत का कधी? नसेलच पाहिली, तुम्ही पडलात बाटलीवाले! मी एक जुनी छागळ आहे, म्हणजे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. जळगावात ताडपत्र्या शिवणाऱ्या रुपचंद शिंप्यानं मला दुहेरी टाके घालून शिवलं. माझ्या अंगातून पाणी हळूहळू पाझरतं, वारा लागतो आणि आतलं पाणी गारेगार होतं. सातपुड्यातल्या राखीव रानात मी वनखात्याच्या जीपला लटकून फिरायचे. घोटभर पाणी पिऊन साहेब म्हणायचे, "व्वा! फ्रिज झक मारेल!" मी आपली फुगून जायचे.

पुढे बाटल्या आल्या आणि माझी रवानगी अडगळीत झाली. दोन पावसाळे उंदरांच्या संगतीत काढले. फार वाईट वाटायचं हो. तिथून मला उचललं ते भटू नानांनी. नाना वनमजूर, लोकांना डोंगरमाथ्यावर जंगल दाखवायला नेणारे. खांद्यावर मी, हातात काठी. सगळ्यांचं पिऊन झाल्याशिवाय त्यांनी माझ्यातला थेंब कधी तोंडात घातला नाही.

यंदा फाल्गुनात पहूरचा हेमराज आला, सोबत बायको मोहिनी आणि दहा वर्षांची डिंपल. डिंपलला रानपिंगळा पाहायचा होता. हे चिमुकलं घुबड दिवसाढवळ्या फिरतं, पण आता फार थोडं उरलंय. दुपारी माथ्याजवळ नानांनी एका वठलेल्या सागाकडे बोट दाखवलं. ढोलीतून दोन पिवळे डोळे बाहेर बघत होते, आणि मागून पिल्लांची चिरचिर येत होती. डिंपलनं श्वाससुद्धा रोखून धरला.

तेवढ्यात हेमराजनं खांद्यावरचं पोतं सोडलं. आत भरताची हिरवी वांगी आणि चक्क पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांची मोळी! पठ्ठ्यानं घरून डोंगर चढवून आणली होती.

"नही भाऊ, आठे जाळ करानं नही," नाना आपल्या अहिराणीत म्हणाले. "बठ्ठं रान वाळेल शे."

"नाना, पऱ्हाट्यांवर भाजल्याशिवाय भरताला चव येते का? खडकावर करतो. तुम्हीपण बसा की चार घास खायला."

आणि आमचे नाना विरघळले! सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, शिवाय भरीत म्हणजे त्यांचा जीव की प्राण. "बरं, थोडंसंच," म्हणाले. मला ओरडावंसं वाटलं, पण छागळीचं कोण ऐकतं?

वांगी भाजत आली तोच वारा सुटला. पऱ्हाटीचा निखारा तो केवढासा! उडाला आणि सागाच्या पाचोळ्यात पडला. बघता बघता जाळ ढोलीच्या झाडाकडे निघाला.

"पप्पा, पिल्लं!" डिंपल किंचाळली.

नानांनी मला जाळावर उलटं केलं. पाणी संपलं, जाळ उरला. मग त्यांनी ओल्याचिंब मलाच धरून जाळावर सपासप आपटायला सुरुवात केली. हेमराज हिरव्या फांदीनं झोडपत होता, मोहिनी पाचोळा बाजूला ओढत होती. मी भाजत होते, मित्रांनो, खोटं कशाला बोलू, फार दुखलं. पण झाडापासून दोन हातांवर जाळ विझला.

हेमराज मटकन खाली बसला. हात पोळलेले, डोळ्यांत पाणी. "नाना, माझं चुकलं."

"चूक मनी शे, भाऊ," नाना दोष स्वतःकडे घेत म्हणाले. "मी हो म्हनाले नको व्हतं." वांगी तिथंच पडली होती, पण कुणाला भूक नव्हती. घसा कोरडा ठेवून सगळे डोंगर उतरले.

खाली वनखात्याच्या नाक्यावर मोहिनीनं माझ्या अंगाला पडलेलं जळकं भोक पाहिलं. "ठिगळ लावून देते, नाना."

"राहू द्या, माय. ते देखीसन तरी लोक ऐकतीन."

येणाऱ्या-जाणाऱ्याला भोक दिसेल असं त्यांनी मला नाक्याच्या खिळ्याला टांगलं. पाणी धरू न शकणारी छागळ! जन्म वाया गेला, असं वाटून मी रडकुंडीला आले. तेव्हा डिंपल पुढे आली. तिनं हेमराजच्या खिशात हात घातला, काडेपेटी काढली आणि त्या भोकातून माझ्या पोटात टाकली.

तेव्हापासून वर जाणारा प्रत्येक जण तसंच करतो. मित्रांनो, तुम्हीही या. भरीत खाली गावात पोटभर खा, आणि काडेपेटी माझ्याकडे ठेवून मग डोंगर चढा. ढोलीतली पिल्लं आता उडायला शिकलीत.