विहीणबाईंचा ट्रॉम्बोन

शिट्टीबाईंना आयुष्यात एकच वाक्य कधी नीट बोलता आलं नाही, "मला जमणार नाही." तरणतलावावर त्यांनी पोरांच्या दोन पिढ्यांना पोहायला शिकवलं. गळ्यात शिट्टी, आणि शिट्टीपेक्षा खणखणीत आवाज. निवृत्त झाल्यावर शिट्टी खुंटीला गेली, आवाज गेला नाही. मुलाच्या घरी त्या आल्या की आल्याचं वरच्या मजल्याला आधी कळायचं.

त्यांच्या विहीणबाई, म्हणजे सुनेची आई, याच्या अगदी उलट. बस डेपोत गाड्यांच्या फेऱ्या लावायचं काम करायच्या. बोलणं मोजून-मापून. कप बशीत ठेवला तरी कानाला कळायचं नाही. पण हीच बाई डेपोच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायची! एवढी लांबलचक पितळी नळी पुढेमागे सरकवत असा काही भरदार सूर काढायची, की शिट्टीबाई पहिल्यांदा ऐकून शेजारणीचा हात धरून बसल्या होत्या. तरीही दोघींचं नातं "कसं काय, बरं ना?" याच्या पुढे गेलं नव्हतं. व्याही मंडळींत असतो तसा जपून वागण्याचा मामला.

मग एके दिवशी विहीणबाई डेपोच्या जिन्यावर पाय घसरून पडल्या आणि त्यांचा वरचा पुढचा दात हलला. डॉक्टरांनी तो तारेनं बांधून दिला आणि बजावलं, तीन महिने फुंकायचं वाद्य तोंडाला लावायचं नाही. इकडे बागेतला कार्यक्रम दोन महिन्यांवर आलेला. बँडमध्ये दुसरा ट्रॉम्बोनवाला नाही, आणि एका संथ चालीत मधेच ट्रॉम्बोनला जवळजवळ एकट्यानं गायचं होतं.

"तो तुकडा गाळतील," विहीणबाई मुलीच्या घरी जेवताना म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. पण घास तसाच हातात राहिला, ते शिट्टीबाईंनी पाहिलं.

"गाळतील कशाला? मी वाजवते."

सून पाणी ओतता ओतता थांबली. "आई, तुम्ही?"

"का गं? फुप्फुसं आहेत माझ्याकडे. तलावाची पूर्ण लांबी मी अजून एका दमात पाण्याखालून जाते. त्या नळीला जागा किती असतात, विहीणबाई?"

"सात."

"सातच ना? मग झालं तर."

विहीणबाई कसनुसं हसल्या आणि शिष्टाचार म्हणून हो म्हणाल्या. दोन दिवसांत हौस फिटेल असा त्यांचा हिशेब होता. तो साफ चुकला.

शिकवणी विहीणबाईंच्या बाहेरच्या खोलीत सुरू झाली. पितळी भोंगा डाव्या खांद्यावरून पुढे काढायचा, वजन डाव्या हातावर घ्यायचं आणि उजव्या हाताच्या बोटांनी नळी सरकवायची. नळी पूर्ण आत, ती पहिली जागा. भोंग्याच्या कडेच्या जरा अलीकडे तिसरी, जरा पलीकडे चौथी. हात लांब केला की सहावी. आणि हात खांद्यातून ताणून, आता निसटते की काय असं वाटेपर्यंत नळी बाहेर काढली की सातवी. शिट्टीबाईंचे हात पोहून पोहून लांब झालेले. सातवीवर त्या आरामात पोचल्या आणि आणखी कुठे जायचं आहे का, अशा नजरेनं बघायला लागल्या.

"जागा कळल्या म्हणजे सूर कळले असं नाही," विहीणबाई म्हणाल्या. "हात हलवू नका. ओठ सैल ठेवून फुंका. हं. आता ओठ आवळा."

हात जिथल्या तिथे, आणि सूर टुणकन वर उडाला. आणखी आवळले तर आणखी वर.

"अगंबाई! म्हणजे घर एक आणि भाडेकरू पाच-सहा?"

"तसंच. हातानं घर गाठायचं, ओठांनी दार वाजवायचं. आपल्याला हवा तोच बाहेर आला पाहिजे."

सुरुवातीला भलतेच बाहेर यायचे. कधी रेड्याचं हंबरणं, कधी गाडीचं पंक्चर. शिट्टीबाईंना लाज म्हणून वाटत नव्हती. तलावात पहिल्या दिवशी प्रत्येकजण नाकातोंडात पाणी घेतो, हे त्यांना पाठ होतं. ओठ सुजले तर त्यांनी लोणी लावलं. दम तर असा, की विहीणबाई म्हणायच्या, "पुरे, आता श्वास घ्या," आणि या डोळ्यांनीच "कशाला?" विचारायच्या. तीन आठवड्यांत सगळी चाल हाताखाली आली. हात अचूक जागेवर जायचा, अगदी घड्याळाच्या काट्यासारखा. फक्त सूर बेसूर लागायचा. कधी केसभर वर, कधी केसभर खाली.

"ऐका ना जरा," विहीणबाई म्हणायच्या.

"ऐकतेय की!"

शिट्टीबाई ऐकत नव्हत्या. त्यांना ते ऐकूच येत नव्हतं. इतकी वर्षं पाण्यात आणि पोरांच्या कलकलाटात काढून त्यांचा डावा कान गेल्यात जमा होता. हे त्यांनी मुलालाही सांगितलं नव्हतं. लोकांशी बोलताना त्या बेमालूम उजवी बाजू पुढे करायच्या. आणि नेमका ट्रॉम्बोनचा भोंगा असतो डाव्या कानाशी.

मग त्यांनी आपल्या परीनं तोड काढली. विहीणबाई चहा टाकायला आत गेल्या होत्या, तेवढ्यात त्यांनी पर्समधून जखमेवर लावायची चिकटपट्टी काढली, तिच्या बारीक फिती कापल्या आणि सरकणारी नळी जिच्यावरून फिरते त्या आतल्या चकचकीत नळीवर जागांच्या खुणा म्हणून चिकटवल्या. कानानं नाही तर डोळ्यानं. मग नळी आत सरकवली. ती अर्ध्यात अडकली. शिट्टीबाईंनी जोर लावला.

"हात काढा!"

विहीणबाई दारात उभ्या होत्या. कपातला चहा बशीत सांडला होता. विहीणबाईंचा इतका मोठा आवाज त्या घरानं बहुधा पहिल्यांदाच ऐकला असेल.

"आतल्या नळीला साधा धुळीचा कण चालत नाही, आणि तुम्ही पट्ट्या चिकटवता? वीस वर्षं जपलंय मी हे! वाकली असती म्हणजे? तुम्हाला काय वाटतं, दणकून आवाज केला की सगळं जमतं?"

शिट्टीबाईंनी हात काढला. विहीणबाई खाली बसल्या आणि मऊ फडक्यानं एकेक फीत सोडवायला लागल्या. नळी वाचली होती.

"मला डाव्या कानानं येत नाही ऐकू," शिट्टीबाई शेवटी म्हणाल्या. "म्हणून खुणा केल्या. चुकलं माझं."

विहीणबाईंचा हात थांबला. "काहीच नाही येत?"

"पाण्याखाली गेल्यासारखं येतं."

"मग हे पहिल्या दिवशी सांगायचं नाही का, बाई! मी आपली घसा कोरडा करतेय, ऐका, ऐका म्हणून." त्या उठल्या, खुर्ची ओढून शिट्टीबाईंच्या उजव्या हाताला बसल्या. "पहिली जागा. लांब सूर धरा. मी तोच गळ्यानं लावते. ऐकू नका. जबड्यात काय होतंय ते बघा."

शिट्टीबाईंनी सूर धरला. विहीणबाईंनी गळ्यानं तो लावला. दोन सूर एकमेकांवर घासले आणि शिट्टीबाईंच्या दाढांत, गालफडात थरथर उठली, वँव-वँव-वँव, खडबडीत रस्त्यावरच्या बससारखी.

"आलं?"

त्यांनी फुंकता फुंकता मान हलवली.

"आता नळी किंचित पुढे न्या. अगदी किंचित."

थरथर मंदावली. आणखी थोडी. मग एकाएकी थांबली, आणि दोन सुरांचा एकच जाडजूड सूर झाला. खिडकीची थरथरणारी काचही गप्प झाली. शिट्टीबाईंनी तो सोडलाच नाही. दम संपेपर्यंत धरून ठेवला, आणि त्यांचा दम संपायला वेळ लागायचा. विहीणबाई केव्हाच गाणं थांबवून हसत होत्या, दाताच्या तारेवर हात ठेवून.

त्यानंतर रोज हेच. विहीणबाई गायच्या, शिट्टीबाई थरथर शोधून विझवायच्या. जागा नळीवर नसते, दोन सुरांच्या मधे असते, हे त्यांना हळूहळू हाडांतून कळत गेलं. गरम खोलीत ती एकीकडे सरकते, गार हवेत दुसरीकडे. तालमीला गेल्यावर त्यांनी बँडमास्तरांना सरळ सांगितलं, "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. टूबावाल्याला माझ्या उजवीकडे बसवा." बँडमास्तर हे डेपोचे इलेक्ट्रिशियन. त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं, विहीणबाईंनी मान डोलावली, आणि टूबावाला ड्रायव्हर आपल्या त्या सगळ्यात जाड आवाजाच्या वाद्याचं पितळी धूड उचलून निमूटपणे पलीकडे आला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी बागेत गार वारा सुटला होता. माणसं शाली गुंडाळून बसली होती. मुलगा-सून दुसऱ्या रांगेत, विहीणबाई त्यांच्या शेजारी, ओठ घट्ट मिटून. ती संथ चाल आली. बाकीची वाद्यं एकेक करून थांबली, टूबा तेवढा खाली गुणगुणत राहिला. शिट्टीबाईंनी छाती भरून घेतली आणि चौथ्या जागेवर सूर टाकला. पडला तो खाली! गारठ्यानं घर सरकलं होतं. जबड्यात थरथर उठली. घाबरायला वेळ नव्हता आणि तशी सवयही नव्हती. त्यांनी नळी अलगद आत घेतली, सूर खालून वर चढत गेला, टूबाला भिडला आणि स्थिर झाला. तिथून पुढे त्यांनी अख्खा तुकडा पाण्यात लांब सूर मारावा तसा पार केला. बाग शांत होती. मग टाळ्या.

"सुरुवातीला खालून वर घसरत नेलेली ती मींड," बँडमास्तर नंतर म्हणाले, "फार सुंदर घेतलीत. मुद्दाम?"

"अर्थात," शिट्टीबाई म्हणाल्या.

विहीणबाईंना खोकल्याची उबळ आली.

दात बरा झाला आणि विहीणबाई बँडमध्ये परतल्या. शिट्टीबाईंनी जायचं नाव काढलं नाही, आणि कुणी सुचवलंही नाही. डेपोच्या कोठारात एक पोचे पडलेला जुना ट्रॉम्बोन सापडला, तो त्यांनी घासूनपुसून आपला केला. पहिल्या तालमीला बँडमास्तरांनी विचारलं, वरचे सूर कुणाला, खालचे कुणाला?

"खालचे यांना द्या," विहीणबाई लगेच म्हणाल्या.

"का? मला वरचे जमत नाहीत की काय?" शिट्टीबाई फणकारल्या.

विहीणबाई त्यांच्या उजव्या कानाकडे वाकल्या. "माझा हात सातवीपर्यंत पोचत नाही हो. कधीच पोचला नाही. तो सूर आला की मी नुसती नळी हलवते आणि टूबावाला सांभाळून घेतो. वीस वर्षं."

शिट्टीबाईंनी टूबावाल्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. मग त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की बाहेर बस धुणारी माणसं आत डोकावली.

"खालचे माझे," त्या म्हणाल्या आणि हात लांबवून नळी सातवीपर्यंत सोडली.