तोंडात बोळा कोंबलेली घाटी

मित्रांनो, मी एक जुनी घाटी आहे. बैलाच्या गळ्यात जी घंटा बांधतात, तिला आमच्या गोरेगावकडच्या खेड्यांत घाटी म्हणतात. सध्या मी शेषरावांच्या ओसरीवर खुंटीला लटकलेली असते. वारा आला की थोडंसं बोलते. पण एका दुपारी मला बोलताच येत नव्हतं. ती दुपार आठवली की माझं पितळ अजून गार पडतं.

शेषरावांनी मला जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारातून आणलं आणि हरण्या बैलाच्या गळ्यात बांधलं. हरण्या कामाला वाघ, पण मोठा चुकार. दावं सुटलं की शेजाऱ्याच्या तुरीत शिरायचा. मग माझ्या आवाजावरून त्याला शोधून काढायचे. वाजून वाजून माझी लोखंडी जीभ झिजली, तेव्हा गावातल्या लतीफभाईंनी बाभळीच्या लाकडाची नवी जीभ बसवून दिली. तेव्हापासून माझा आवाज इतर घाट्यांसारखा राहिला नाही. मी आधी ‘ठोक’ म्हणते, मग ‘ठण्’. सारं शिवार मला ओळखायचं.

पुढे दारात ट्रॅक्टर आला. हरण्या म्हातारा होऊन गेला. मी खुंटीवर गेले आणि माझ्या पोटात कोळ्यानं घर केलं.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत शाळेची सहल ठरली. दूर दक्षिणेकडे, घाटातलं पावसाचं जंगल बघायला. शेषरावांची नात सृष्टी सहलीला निघाली, तेव्हा त्यांनी मला चिंचेनं घासलं आणि तिच्या पाठीवरच्या पिशवीला बांधलं.

“आबा, हे काहून?” सृष्टी म्हणाली. “पोरी हसतील ना मला!”

“हसू दे. चुकार जनावराच्या गळ्यात घाटी बांधायचीच असती.”

“मी काय जनावर हाय व्हय?”

“न्हाई बाई, तू वासरी हायस. जवळा बाजारात दोनदा हरवलीस, तवा कोण शोधीत फिरलं?”

सृष्टी गाल फुगवून बसली, पण तिनं मला सोडलं नाही.

मित्रांनो, ते जंगल मी पहिल्यांदा पाहिलं आणि घाबरले. आपल्या शिवारात उभं राहिलं की चार कोस दिसतं. इथे झाडावर झाड, वेलीवर वेल. वर बघावं तर पानांचंच आभाळ. दुपारीसुद्धा दिवेलागणीसारखा अंधार. काही झाडांची मुळं जमिनीबाहेर येऊन भिंतींसारखी उभी होती. पानांवरून पाणी टपटपत होतं, आणि खाली ओल्या पाचोळ्यात जळवा माना उंचावून कुणाची तरी वाट बघत होत्या.

वाटाड्यादादांनी सगळ्यांना मिठाची पुरचुंडी दिली. जळू चिकटली की मीठ लावायचं, ओढायची नाही. मग शाळेच्या करुणा मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सृष्टी, ही वाजली तर एकही पक्षी दिसायचा नाही. जंगल त्यांचं घर आहे. आपण पाहुणे.”

बरोबरच होतं त्यांचं. सृष्टीनं भाकरी बांधलेल्या फडक्याचा कोपरा फाडला आणि माझ्या तोंडात कोंबला. अगदी घट्ट, बोटानं दाबून दाबून. मी मुकी झाले.

मुलं एकामागे एक चालू लागली. मोठ्या चोचीचा धनेश पंखांचा फडफडाट करत डोक्यावरून गेला. लांब शेपटीचं शेकरू या झाडावरून त्या झाडावर उडालं. मुलांनी तोंडावर हात ठेवून पाहिलं. मलाही ती शांतता आवडू लागली होती.

तेवढ्यात वाटेच्या कडेला शेंदूर फासलेला दगड आला. तिथल्या लोकांचा देव. मुलांनी चालता चालता हात जोडले. पण सृष्टीला घरची सवय. आमच्या बांधावर म्हसोबा आहे. त्याच्यापुढे शेषराव कधी पायताण घालून उभे राहिले नाहीत. सृष्टी रांगेत शेवटची होती. ती थांबली, बूट-मोजे काढले आणि नमस्कार केला. खाली बघते तर बोटांच्या बेचक्यांत जळवा! मीठ लावा, पाय पुसा, ओल्या नाड्यांच्या गाठी सोडवा. मान वर केली तेव्हा वाट रिकामी होती.

पुढे दोन वाटा फुटल्या होत्या. एक बारीक, पाचोळ्यानं झाकलेली. दुसरी रुंद, खुरांनी तुडवलेली. सृष्टीचा चेहरा खुलला. “गुरांची वाट,” ती पुटपुटली. “गुरं घरलाच जात्येत.”

आपल्याकडे हे खरंच असतं, मित्रांनो. पण मी त्या खुरांच्या ठशांकडे पाहिलं आणि हादरले. हरण्याची दोन खुरं मावतील एवढा एकेक ठसा होता. थांब बाई, ही आपली गुरं नव्हेत, असं मला सांगायचं होतं. तोंडात बोळा. ती चालत राहिली.

वाट संपली तिथे तो उभा होता. काळाभोर, भिंतीएवढा खांदा, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. रानगवा! त्यानं मान वळवली आणि फुस्स करून श्वास सोडला. सृष्टी मागे सरकत सरकत एका झाडाच्या भिंतीएवढ्या मुळाआड शिरली. तिच्या पाठीचा थरकाप मला कळत होता. पिशवी हलत होती, मीही हलत होते. आता बोळा निसटला आणि मी वाजले तर? आयुष्यात पहिल्यांदाच मी न वाजण्यासाठी देवाची प्रार्थना केली.

गवा बराच वेळ तिथेच होता. मग फांद्या मोडत उताराकडे गेला. तो कडकड आवाज पुरता विरल्यावर सृष्टीनं तोंड उघडलं. “मॅडम!” पण घशातून नुसता वारा आला. भीतीनं आवाजच गेला होता. वर आभाळ आणखी काळवंडलं. पाऊस धरू लागला.

तिनं मला ओढून समोर घेतलं. बोळा काढायला बोट घातलं, पण ओलं फडकं फुगून घट्ट बसलं होतं. नखं मोडली. ती रडू लागली. मी तिच्या हातात होते, मला सगळं येत होतं, आणि मी काहीच करू शकत नव्हते. मित्रांनो, यापेक्षा मोठी भीती मला ठाऊक नाही.

शेवटी तिनं केसांतली पिन काढली. टोचत, ओढत एक एक धागा उपसला. एकदाचा बोळा निघाला, आणि तिनं मला हलवलं. ठोक-ठण्! ठोक-ठण्! आख्खं जंगल दचकलं.

पुढचं मला नंतर कळलं. पलीकडे सगळे तिला शोधत होते. माझा आवाज ऐकून वाटाड्यादादा म्हणाले, “गाय है. नीचे गाँव का.” आणि ते दुसरीकडे वळले. तेव्हा सृष्टीची मैत्रीण सिमरन, लतीफभाईंची नात, ओरडली, “मॅडम, ही गाय न्हाई! गाय चरताना घाटी तुटक तुटक वाजती. आन् ही एकसारखी ठोक-ठण् करून राहिली. ती लाकडाची जीभ माझ्या दादाजाननं बसवलीय!”

करुणा मॅडम पळतच सुटल्या. सृष्टी दिसली तेव्हा त्या रागावल्या नाहीत. तिला पोटाशी धरलं. सिमरन मात्र डोळे पुसत म्हणाली, “चुकार वासरी कुठली!”

दुसऱ्या दिवशी पुन्हा जंगलात जायचं होतं. सृष्टीनं माझ्या तोंडात फडकं घातलं, पण या वेळी त्याचं एक टोक बाहेर लोंबतं ठेवलं. घरी आल्यावर शेषरावांनी विचारलं, “हे शेपूट काहून ठेवलंस गं?”

“वढलं की हाक मारता येती, आबा.”

शेषरावांनी मला खुंटीला अडकवलं, पण ते टोक कापलं नाही.

मित्रांनो, जंगलात गेलात तर पाय न वाजवता चाला. पक्ष्यांना त्यांच्या घरात सुखानं राहू द्या. पण भीती वाटली, वाट चुकली, तर गप्प बसू नका. ओढता येईल एवढं टोक नेहमी बाहेर राहू द्या. आणि तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी घाटी खुंटीवर असेल, तर तिच्या पोटातलं कोळ्याचं जाळं झाडा आणि तिला एकदा हलवून बघा. तिचा आवाज ओळखून ठेवा.