चंद्राचे लेट मार्क

मरोळच्या शाळेच्या गच्चीवर वेधशाळेचा पांढरा घुमट बसला, आत चकचकीत दुर्बीण आली, आणि नववीतल्या संघमित्राचे पाय जमिनीवर ठरेनात. पण तिची शाळा दुपारची, साडेबारा ते सहा. सहाला गच्चीला कुलूप.

मुख्याध्यापक विद्याधर सरांचा सगळा जीव हजेरीपटात. त्यांनी वेधशाळेचाही पट आखला: गुरू, शनी, मंगळ, चंद्र, प्रत्येकाला रोल नंबर. पहिला महिनाभर सगळे गैरहजर. या महिन्यातही असंच चाललं तर दुर्बीण कपाटात आणि घुमटात खिचडीचे टोप, असं सरांनी शांतपणे सांगून टाकलं.

संघमित्राने घरची दिनदर्शिका उलटीपालटी केली. शुक्ल अष्टमीला चंद्र दुपारीच उगवतो. मग काय, त्या दिवशी ती गच्चीवर ठाण मांडून बसली आणि कारखान्यांच्या पत्र्यांवर चंद्र दिसताच सरांना जवळजवळ ओढतच वर घेऊन आली. सरांनी दुर्बिणीला डोळा लावला, घड्याळ पाहिलं, आणि हजेरी मांडली.

दुसऱ्या दिवशी चंद्र पन्नास मिनिटं उशिरा आला. तिसऱ्या दिवशी आणखी पन्नास. चौथ्या दिवशी तर हद्दच झाली. पटावर तीन लाल लेट मार्क पडले, आणि या शाळेत तीन लेट मार्कांवर पालकांना बोलावतात.

"सर, तो रोज थोडा उशिराच उगवतो. त्याचं तसंच असतं," संघमित्रा म्हणाली.

"रोज उशिरा येणाऱ्या निमेशची आईही हेच सांगते," सर म्हणाले. "पौर्णिमेला तर हा शाळा सुटताना उगवेल. नाव कमी करतो."

नाव कमी म्हणजे पट रिकामा, पट रिकामा म्हणजे खिचडी. संघमित्राची पार वाट लागली. तिने पुन्हा दिनदर्शिका काढली, पौर्णिमेच्या पुढचे दिवस पाहिले, आणि धावत ऑफिसात आली.

"सर, त्याला सकाळच्या सत्रात टाका ना. पौर्णिमेनंतर सातच्या घंटेआधीच तो आकाशात येऊन बसलेला असतो."

घंटेआधी येणारा विद्यार्थी सरांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांचा चेहराच खुलला. फक्त सत्र बदलायला पालकांचा अर्ज लागतो, म्हणत त्यांनी फॉर्म पुढे केला. तिने सही ठोकली. 'नातं' या रकान्यापाशी जरा अडखळली, मग लिहिलं: ओळखीतला.

घुमट वाचला. पण लेट मार्कवाल्या मुलाला पालकाने स्वतः सोडायला यायचं, हाही नियमच. पौर्णिमेनंतर पावणेसातला, डोळे चोळत, संघमित्रा गेटवर उभी. धोंडिराम शिपाईमामांनी विचारलं, कोणाला सोडायला आलीस गं?

तिने पश्चिमेकडे वर बोट केलं. मामांनी मान वर करून पाहिलं आणि गेट पूर्ण उघडलं.